मदत हवी आहे: कारखान्याच्या कॅन्टीन कंत्राटात तेल-मिठाच्या अटी कशा लिहाव्यात?

नमस्कार मंडळी,

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मशीन शॉपला आहे आणि यंदा कामगारांच्या बाजूने कॅन्टीन कमिटीवर आहे. कॅन्टीनचं कंत्राट संपत आलंय. नव्या निविदेत जेवणाबद्दल काय अटी घालाव्यात याचा मसुदा कमिटीने माझ्याकडे मागितलाय. आजवरच्या कंत्राटात स्वच्छता, ताटाचा दर आणि 'चार पोळ्या, भाजी, डाळ, भात' एवढंच असायचं. तेल कोणतं आणि मीठ किती, याबद्दल एक ओळ नाही.

विषय आत्ता काढण्याचं कारण म्हणजे वार्षिक तपासणी. बीपी आणि शुगरवाल्यांची यादी दरवर्षी लांबतेय, त्यात तिशी-पस्तिशीतली पोरं आहेत. तपासणी झाली की 'तेलकट टाळा, मीठ कमी खा' असं पोस्टर लागतं. पण सेकंड शिफ्टच्या माणसाचा चहा, नाश्ता, जेवण सगळं याच कॅन्टीनमधून येतं. तो टाळणार काय आणि खाणार काय? १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४६ ने अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद केली, कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची सोय केली. ती पोस्टर लावण्यासाठी नव्हती. बदल आधी ताटात व्हायला हवा आणि तो कंत्राटात लिहिला तरच टिकेल, असं माझं ठाम मत आहे.

स्टोअरचं रजिस्टर मागून हिशोब केला. गेल्या महिन्यात साधारण १५,६०० ताटं गेली आणि पाम तेलाचे १५ किलोचे ३६ डबे उचलले. म्हणजे नाश्ता धरून ताटामागे जवळजवळ ३५ ग्रॅम. त्यातलं थोडं कढईत उरून फेकलं जातं हे धरलं तरी फार आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरीच्या आहाराला दिवसभराचं तेल २७ ग्रॅम धरलंय. अंगमेहनतीला जास्त लागतं, कबूल. पण घरचं जेवण अजून वेगळंच आहे. मीठ १३० किलो, म्हणजे ताटामागे आठ ग्रॅमच्या वर, लोणचं-पापड सोडून. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

सगळ्यात जास्त काळजी तळणीची वाटते. दुपारी भजी आणि वडे तळून झाले की कढईतलं तेल काळपट झालेलं असतं, तळाशी बेसनाची जळकी भुकटी, वर फेस. आचारी ते गाळून ठेवतो आणि सकाळी त्याचीच पोह्यांना फोडणी बसते. एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नियम २०१८ पासून आहे: तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स' (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. वापरलेल्या तेलाची नोंद ठेवण्याची सक्ती मात्र रोज ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्यांनाच आहे. आमचं रोजचं वीस-बावीस किलो, म्हणजे आम्ही त्यातून सुटतो. कायदा जिथे थांबतो तिथून पुढचं कंत्राटात यायला हवं. तर पहिला प्रश्न: पोलर कंपाउंड्स मोजायचा हातातला मीटर कुणी वापरलाय का? कॅन्टीन सुपरवायझरला जमेल का, की 'तळलेलं तेल त्याच दिवशी बाहेर, वजन रजिस्टरला' एवढीच अट बरी?

दुसरा मिठाचा. ब्रिटनमध्ये ब्रेड आणि तयार पदार्थांतलं मीठ टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं आणि २०११ पर्यंत लोकांच्या पोटात जाणारं मीठ दिवसाला ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आलं. जीभ हळूहळू सवय करून घेते. तसंच ताटामागचं मीठ दर तिमाहीला दहा टक्के खाली, वर्षभर, अशी अट मला सुचतेय. कमिटीत लगेच आक्षेप आला की भट्टीवरच्या लोकांना घाम येतो, त्यांना मीठ हवं. त्यांना पाणी, ताक, लिंबू सरबत वेगळं द्यावं, सगळ्यांच्या डाळीत मीठ कशाला वाढवायचं, असं मला वाटतं. डॉक्टर मंडळींनी यावर जरूर सांगावं.

कमी सोडियमच्या मिठाचंही विचारायचंय. चीनच्या खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण किडनीचा त्रास असणाऱ्याला किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असणाऱ्याला पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. सामाईक पातेल्यात ते घालावं का? माझा कल 'नाही'कडे आहे.

कंत्राटदार म्हणतो, पाम सोडून शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल घ्यायचं तर ताटाचा दर वाढवा. तेल एक तृतीयांशाने कमी केलं तर दरातला फरक बराचसा भरून निघेल असं माझं गणित आहे. तर्री कमी झाली की 'चव गेली' म्हणून ओरड होणार, ती आम्ही सांभाळू. ज्वारीच्या भाकरीला मागणी भरपूर आहे, पण आचारी सहाशे माणसांना भाकरी थापणार नाही. महिला बचत गटाकडून रोज भाकरी घेणारं कॅन्टीन कुणाच्या माहितीत असेल तर दर, पोचवण्याची वेळ, पावसाळ्यातली अडचण, सगळं लिहा. सोलापूरकडच्या कडक भाकरीचाही विचार चाललाय. चहाचं सोपं आहे, बिनसाखरेचा थर्मास वेगळा ठेवायचा.

भर (प्रतिसाद वाचून): दोघातिघांनी 'डाएट काउंटर वेगळा काढा' असं सुचवलंय, आभार. पण तिथे फक्त आजारी पडलेला जातो, आणि तोही चारचौघांत जायला लाजतो. ज्याला अजून काही झालेलं नाही त्याचं ताट मला सुधारायचंय.

कायदा कळणाऱ्यांना शेवटची विनंती. 'महिन्याचं तेल आणि मीठ भागिले ताटं, मर्यादेच्या वर गेलं तर बिलातून कपात' हे कलम कोर्टकज्जा न होता चालेल असं कसं लिहायचं? कंत्राटदार बाहेरून माल आणून रजिस्टर चुकवू शकतो, ती पळवाट कशी बुजवायची? कुणाकडे असा करार असेल तर कंपनीचं नाव काढून फक्त त्या अटींचे शब्द इथे टाका. कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.