वडिलांचे गाणे घरीच मुद्रित करायचे आहे: माइकवर नेमका किती खर्च करावा?

पेटीकर_सांगली

सर्वांना नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. आयुष्यभर शिक्षकाची नोकरी करूनही संध्याकाळी पेटी घेऊन बसण्याचा नेम त्यांनी कधी मोडला नाही. गुरूंकडून मिळालेल्या साठेक बंदिशी आणि जवळपास तेवढीच भजने आज केवळ त्यांच्या गळ्यात आहेत. पावसाळा लागला की त्यांना खोकल्याचा त्रास सुरू होतो, त्यामुळे त्याआधी हे सगळे नीट मुद्रित करून ठेवावे, असे मनात आहे. आजवर मोबाइलवर जे केले, त्यात पेटी गळ्यावर चढते आणि डग्गा तर जवळजवळ ऐकूच येत नाही.

माझ्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रोड कंपनीचा एनटी१ हा माइक आणि फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ हा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र). स्टँड, केबल आणि हेडफोन धरून दुकानदाराने साधारण पन्नास हजारांचा हिशेब दिला आहे. दुसरा म्हणजे इंटरफेस तोच ठेवून नॉयमनचा टीएलएम १०३ घेणे. तो माइक एकटाच लाखाच्या वर जातो आणि त्यासाठी एक मुदत ठेव मोडावी लागेल. ठेव मोडायला माझी हरकत नाही, कारण हे काम पुन्हा करता येणार नाही. मात्र आवाजात खरोखर दुपटीहून अधिक पैशांचा फरक पडतो का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

खोली बारा बाय दहा फुटांची असून खाली शहाबादी फरशी आहे आणि एक खिडकी रस्त्याकडे उघडते. वडील काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून), फरशीवर सतरंजी टाकून, स्वतःच पेटी वाजवत गातात. तबल्याला शेजारचे एक गृहस्थ येतात.

खर्जातला

ठेव तूर्त मोडू नका, आणि त्याचे कारण आकड्यांतच सापडेल. तुम्ही म्हणता ते दोन्ही कंडेन्सर, म्हणजे वीज पुरवावी लागणारे नाजूक कानाचे माइक आहेत, आणि असा प्रत्येक माइक स्वतःची थोडी सळसळ निर्माण करतो. उत्पादकांच्या माहितीनुसार ती एनटी१ची ४ डेसिबल, टीएलएम १०३ची ७ डेसिबल आणि स्टुडिओंमध्ये ज्याचे नाव आदराने घेतले जाते त्या नॉयमनच्याच यू ८७ची १२ डेसिबल आहे. म्हणजे या बाबतीत सर्वांत स्वस्त माइकच सर्वांत शांत आहे. तुमच्या खोलीत मध्यरात्री पंखा बंद केल्यावरही तीसेक डेसिबलचा गोंगाट असणारच, तेव्हा चार आणि सातमधला हा फरक शेजारच्या फ्रिजच्या घरघरीत बुडून जाईल.

खरी अडचण फरशीची आहे. समजा, वडिलांचे तोंड आणि माइक दोन्ही जमिनीपासून पाऊण मीटर उंचीवर आहेत आणि त्यांच्यात एक मीटर अंतर आहे. थेट येणारा आवाज एक मीटर चालतो, तर फरशीवर आपटून येणारा सुमारे १.८ मीटर. हा उशिरा पोहोचणारा आवाज २१४ हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाच्या विरुद्ध पडतो आणि तिथे चारपाच डेसिबलची खाच तयार होते. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ धरला, तर पंचम २०८ला येतो. म्हणजे वडील पंचमावर थांबले की नेमका तोच सूर पोकळ वाटेल आणि आपण माइकला दोष देत बसू. पेटी मध्ये असल्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू पडणार नाही, पण एखादाच सूर अचानक बसल्यासारखा वाटला, तर आधी अंतर बदलून पाहा. सतरंजीने हे थांबत नाही. ती फक्त वरच्या पट्टीतली चमक शोषते आणि खालचे सूर जसेच्या तसे परत पाठवते. घरातल्या कापसाच्या दोन जाड गाद्या खाली आणि एक वडिलांच्या पाठीमागच्या भिंतीला उभी लावली, तर नव्या माइकइतका फरक फुकटात पडेल.

ध्वनिशाळा_पुणे

मी गेली काही वर्षे पुण्यात एक लहान स्टुडिओ चालवतो, त्यामुळे खोलीचे महत्त्व मला मान्य आहे, परंतु माइक-माइकमध्ये फरक नसतो असा अर्थ कुणी घेऊ नये. फरक असतो, फक्त तो महागड्याच्याच बाजूने असतो असे नाही. टीएलएम १०३ हा माइक ५ किलोहर्ट्झच्या वर सुमारे ४ डेसिबलने आवाज उचलून धरतो. मिसळून गेलेल्या वाद्यवृंदात गायकाचा आवाज वर काढायला हा गुण उपयोगी पडतो, पण पेटीच्या पितळी पट्ट्यांचा करकरीतपणा नेमका याच भागात असतो. उतारवयातल्या गळ्यातला दमही तिथेच ऐकू येतो. त्यामुळे लाखभर रुपये देऊन आपण पेटीचीच करकर वाढवून घेण्याची शक्यता आहे. एनटी१ त्या मानाने सपाट आहे. मात्र दुकानदार एनटी१-ए देत असेल तर तो वेगळा माइक आहे आणि वरच्या बाजूला बराच चकचकीत आहे, हे लक्षात ठेवून खोक्यावरचे नाव नीट वाचा.

मोबाइलवर पेटी गळ्यावर चढते, या तुमच्या मूळ तक्रारीवरचा उपाय माइक ठेवण्यात आहे. हे माइक कार्डिऑइड आहेत, म्हणजे पाठीमागून येणारा आवाज ते सर्वांत कमी घेतात. स्टँडचा हात पलीकडच्या बाजूने पेटीवरून आणा आणि माइक पेटीच्या वर, तोंडापासून वीतभर किंवा थोडा अधिक दूर, असा तिरका धरा की त्याचे तोंड वडिलांच्या हनुवटीकडे वर पाहील आणि पाठ पेटीकडे राहील. एनटी१ टोकाकडून ऐकत नाही, बाजूने ऐकतो. ज्या बाजूला सोनेरी ठिपका आहे ती त्याची समोरची बाजू. ही चूक मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही पाहिली आहे. इतक्या जवळून मुद्रण करताना मध्ये जाळीचा पॉप फिल्टर हवाच, कारण भजन म्हटले की 'भ' आणि 'फ' यांचे फटकारे पहिल्याच ओळीत येतात.

उरलेल्या पैशांत तबल्यासाठी शुअरचा एसएम५७ घ्या. १९६५ पासून बाजारात असलेला हा साधा डायनॅमिक माइक किनारीचा 'ना' कापल्यासारखा स्वच्छ देतो, धक्के खातो आणि त्याला फँटम पॉवरही, म्हणजे केबलमधून माइकला पुरवली जाणारी वीजही, लागत नाही. डग्ग्याची घुमक थोडी कमी वाटली तर तो डग्ग्याकडे झुकवा. इंटरफेसला दोन माइक लावता येतात, त्यामुळे तबला वेगळ्या ट्रॅकवर राहील आणि त्याची पातळी मागाहून ठरवता येईल.

मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करा. १९२ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका. गेन, म्हणजे इंटरफेसवरची आवाज वाढवण्याची कळ, अशी ठेवा की तार सप्तकातली जोरकस तानही मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. एका माइकचे तासाला सुमारे ५२० एमबी होतात, तेव्हा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवणे मुळीच महाग नाही.

आणि तरीही मनात शंका राहिली, तर महागडा माइक एका दिवसासाठी भाड्याने आणून दोन्ही शेजारी लावा. ऐकताना दोघांची पातळी काटेकोर सारखी करा, कारण एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज प्रत्येकालाच 'चांगला' वाटतो. दुकानातल्या तुलना याच फटीतून विकल्या जातात.

कोल्हापुरी_तार

एक छोटी भर घालतो. मी इंटरफेस घरी आणल्यावर मागे सतत ५० हर्ट्झची गुणगुण येत होती. दुकानदाराने दोनदा केबल बदलून दिली, दोन्हीचे पैसे घेतले आणि शेवटी माइकच सदोष असल्याचे सांगितले. एके रात्री वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि गुणगुण थांबली! घराचे अर्थिंग कच्चे होते आणि चार्जर ती गुणगुण आत आणत होता. तेव्हा काहीही खरेदी करण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि मुद्रण करताना चार्जर काढूनच ठेवा.

पेटीकर_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते. अर्थिंग खरोखरच कच्चे निघाले. एनटी१ आणि इंटरफेस घेतला, गाद्या अंथरल्या, आणि पुण्यातल्या एका स्नेह्याकडून टीएलएम १०३ दोन दिवसांसाठी मागून आणला. दोन्ही माइक पेटीवर शेजारी शेजारी लावून वडिलांकडून यमनमधली एकच बंदिश मुद्रित केली आणि पातळी सारखी करून, कोणता माइक ते न सांगता, त्यांना हेडफोनवर ऐकवली.

मला स्वतःला फरक जाणवला. १०३मध्ये शब्द अधिक कोरीव होते, परंतु भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची करकरही तितकीच पुढे आली होती, अगदी ध्वनिशाळा यांनी लिहिले होते तशी. वडिलांनी मात्र दोन्ही वेळा डोळे मिटून पूर्ण ऐकले, हेडफोन काढले आणि म्हणाले, "मधल्या सप्तकातला धैवत उतरलाय की रे पेटीचा. मला इतके दिवस कसं कळलं नाही?" मोबाइलवरच्या मुद्रणात ते कुणालाच ऐकू आले नव्हते.

तेव्हा ठेव बँकेतच आहे आणि पेटी सूर लावण्यासाठी मिरजेच्या कारागिराकडे दिली आहे. ती सोमवारी येईल. रस्त्यावरची वर्दळ पहाटे पाचपर्यंतच कमी असते, म्हणून तबलजींना मंगळवारी साडेतीनला बोलावले आहे. ते यायला तयार आहेत, फक्त चहा आधी हवा म्हणाले. एक शंका उरली आहे. एसएम५७ डग्ग्याकडे झुकवला की 'ना' मागे पडतो. तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, वीतभर उंचीवर तो धरला तर चालेल का?

ध्वनिशाळा_पुणे

चालेल, पण वीतभर कमी पडेल; दीड वीत ठेवा आणि तोंड किंचित डग्ग्याच्या बाजूला असू द्या. तबलजींच्या हातातली अंगठी आणि कडे मात्र आधी काढून ठेवायला सांगा, कारण ती खणखण मागाहून कोणत्याही उपायाने निघत नाही.