पाळणाघर परवडेना, तुम्ही काय करताय?

अनगोळहून (बेळगाव) प्रश्न:
मुलगी दोन वर्षांची. मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हिशेबाला, हे फौंड्रीत शिफ्टला. पाळणाघराचे 3,500 होते, जूनपासून 5,000 सांगितलेत. दूध-खाऊ आपलाच, सहानंतर न्यायला गेलं की जादा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 तिथंच जातात. आई चंदगडची, आधार महाराष्ट्रातलं, म्हणजे कर्नाटकातल्या शक्ती योजनेचा बसचा फुकट प्रवास तिला नाही. रोज ये-जा कशी करणार? सासूबाईंना भातशेतीची कामं. सगळे म्हणतात नोकरी सोड. मला नाही सोडायची.

वडगाव:
सोडू नका ओ ताई. 2017 पासून कायदा आहे, 50 किंवा जास्त माणसं असली की कारखान्यानं पाळणाघराची सोय करायची. आईला दिवसातून चारदा बाळाकडं जाता येतं.

अनगोळ:
आम्ही साहेब धरून तीसजण!

खानापूर:
तीन पूर्ण झाली की अंगणवाडीत घाला, पैसे नाहीत, खाणंही मिळतं. आमच्या बाई मराठी बोलतात, गाणी कन्नड. पोरगं दोन्ही म्हणतंय. पण दुपारनंतरचं काय, हा घोळ राहतोच. मी शेजारच्या काकूंना 1,500 देते. आधी नको म्हणत होत्या. फुकट ठेवलं की चार दिवसांनी तोंडं वाकडी होतात, म्हणून मीच हट्ट धरला.

शहापूर:
आम्ही गल्लीतल्या तिघींनी मिळून एक मावशी ठेवल्यात. मुलं माझ्याच घरात, म्हणून माझा वाटा कमी. एकाला ताप आला की मात्र तिघींची रजा.

अनगोळ:
वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगाही एवढाच आहे. आज विचारते.