कंबर धरलीय पण पोट सुटत चाललंय, काय करू?

घोडबंदरकर: कमरेच्या मणक्यांमधली एल-४ एल-५ ची डिस्क (गादी) सरकलीय, दीड महिना झाला, सिलेंडर उचलायला गेलो आणि तिथेच बसलो. पायातली कळ गेली आता, फिजिओ म्हणतो चाला, पण मी आधी ठाण्यातला येऊरचा डोंगर चढायचो हो, नुसतं चालून काय होणार? ४ किलो वाढलंय. क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) चालतील का?

उपवनवाली: क्रंचेस अजिबात नको दादा, डिस्कवर दाब येतो! फिजिओला विचारून बर्ड डॉग करा, म्हणजे हात-गुडघे टेकून उजवा हात डावा पाय सरळ, पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय समजून, ८-१० सेकंद. आणि सकाळी उठल्या उठल्या वाकू नका, रात्रभर आडवं राहून डिस्क पाणी ओढून फुगलेली असते. मी मोजे घालायला मुलाला हाक मारायचे, जाम वैतागायचा.

मसुंदा_आजोबा: तलावपाळीला या, तळ्याकाठी सपाट आहे. दिवसातून तीनदा १०-१० मिनिटं, हळूहळू वाढवा. रिक्षा टाळा, खड्ड्यांत उरलीसुरली डिस्कपण जाईल.

घोडबंदरकर: हाहा, आजोबा, उद्यापासून येतो. येऊर कधी?

उपवनवाली: घाई नको. आणि मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं किंवा लघवी अडली तर इथे विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.