माहुआंग: काडी वेगळी, मूळ वेगळं

"हजारो वर्षं वापरात आहे, झाडपालाच तो, अपाय कसला?" असं काहीजण म्हणतात, पण निदान माहुआंग या चिनी औषधी वनस्पतीच्या बाबतीत ते पटत नाही. तिच्यात एफेड्रिन नावाचं उत्तेजक द्रव्य असतं. जपानचे रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ साली ते वेगळं काढलं. त्याने श्वासनळ्या मोकळ्या होतात हे खरं, पण नाडी आणि रक्तदाबही चढतात. वजन उतरवण्याच्या गोळ्यांत (बऱ्याचदा कॅफीनच्या जोडीला!) ती सर्रास यायला लागली आणि शेवटी २००४ मध्ये अमेरिकेने अशा पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. चिनी वैद्य या झुडपाची हिरवी काडी आणि मूळ ही दोन निराळी औषधं मानतात. काडी घाम आणते, मूळ घाम थांबवतं. त्यातही काडी कुणालाही देत नाहीत. थंडी वाजून ताप आहे पण घाम फुटत नाही, अशालाच. जुन्या कृतीत माहुआंग आधी एकटी उकळायची, वरचा फेस काढून टाकायचा, मगच दालचिनीच्या डहाळ्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध घालायचं. गोळ्या विकणाऱ्यांनी यातलं काहीच घेतलं नाही.