‘अनपब्लिश’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार: अनुदिनी (ब्लॉग) लिहिण्याच्या एका मुक्तस्रोत प्रणालीचे मराठी भाषांतर मी काही वर्षे सांभाळतो आहे. ‘पब्लिश’ला ‘प्रकाशित करा’ आणि ‘ड्राफ्ट’ला ‘मसुदा’ हे शब्द केव्हाच रुळले. अडले ते नव्या आवृत्तीतल्या, प्रकाशित लेख मागे घेणाऱ्या ‘अनपब्लिश’ या बटणापाशी. मी ‘अप्रकाशित करा’ असे लिहिले, तेव्हा तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ते परत पाठवले. त्यांचे म्हणणे असे की, दिवंगत लेखकाची वही कपाटात सापडली तर तिला आपण अप्रकाशित म्हणतो. जो लेख आठ दिवस लोकांनी वाचला आणि ज्याच्याखाली प्रतिसादही आले, तो आता अप्रकाशित कसा होईल? मग मी ‘प्रकाशन रद्द करा’ असे केले. चाचणीच्या वेळी एका लेखिकेला ते बटण पुढच्या तारखेला लावून ठेवलेला लेख थांबवण्यासाठी आहे असे वाटले, आणि जो लेख खरोखर मागे घ्यायचा होता तो तसाच राहिला. कोणी मार्ग सुचवील काय?

व्याकरणप्रेमी: सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. ‘अ’ हा नकार अभाव दाखवतो, केलेली क्रिया उलटवणे दाखवत नाही. न पाहिलेले ते ‘अदृष्ट’, पण एकदा पाहिलेले पुन्हा अदृष्ट करता येत नाही. मराठीला क्रिया उलटवणे जमत नाही असे मात्र कोणी समजू नये. शिवलेले उसवतो, बांधलेले सोडतो, पुरलेले उकरतो. प्रत्येक क्रियेला तिचा स्वतंत्र जोडीदार आहे, सगळ्यांना लावता येईल असा एकच उपसर्ग तेवढा नाही. तरीही उपसर्गच हवा असेल तर ‘विप्रकाशित करा’ या शब्दाचा विचार व्हावा.

जुना वाचक: ‘विख्यात’ आणि ‘विशुद्ध’ या शब्दांतला ‘वि’ अर्थ उलटवत नाही, वाढवतो. ‘विप्रकाशित’ वाचून मला तरी लेख अधिकच झळकला असे वाटेल. लोक सर्रास ‘लेख टाकला’ आणि ‘लेख काढला’ असे म्हणतात. टाकणे आणि काढणे ही जोडी तुम्ही म्हणता तशीच घरची आहे, मग ती बटणावर का नको?

व्याकरणप्रेमी: कारण ‘टाकणे’ म्हणजे फेकून देणेही होते. लिहिलेले टाकून द्यावे असा सल्ला प्रणालीने लेखकाला देऊ नये, मग तो कित्येकदा योग्य असला तरी. शिवाय ‘काढला’ म्हणजे हटवला की नुसता बाजूला ठेवला, हे कळत नाही. ‘दिवाळी अंक काढला’ म्हणतो तेव्हा तर काढणे म्हणजेच प्रकाशित करणे होते!

देखभाल करणारी: हटवणे आणि मागे घेणे यांतला भेद मात्र बटणाने पाळलाच पाहिजे, कारण आतली यंत्रणा तो पाळते. वर्डप्रेस या अशाच प्रणालीत प्रत्येक लेखाबरोबर त्याची स्थिती नोंदलेली असते: मसुदा, नियोजित, खाजगी, प्रकाशित, कचरापेटीतला. लेख मागे घेतला की केवळ ती नोंद बदलते. मजकूर, प्रतिसाद, जुने खर्डे सारे जागेवर राहते. कचरापेटीतला लेख मात्र नेहमीच्या मांडणीत ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो. ‘काढा’ वाचून कोणी हे बटण घाबरून दाबलेच नाही किंवा निर्धास्तपणे कचरापेटीचे दाबले, तर तक्रारी माझ्याकडे येतात, व्याकरणकारांकडे नाही. वर्डप्रेसने बरीच वर्षे या जागी ‘स्विच टू ड्राफ्ट’ असे बटण ठेवले होते; घोस्ट आणि द्रुपल या दुसऱ्या प्रणालींनी ‘अनपब्लिश’ पसंत केले. मला पहिले अधिक प्रामाणिक वाटते, कारण काय थांबते यापेक्षा लेख कुठे जातो हे ते सांगते. ‘मसुद्यात परत न्या’ असे लिहावे.

शब्दवेडा: ‘मसुदा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी काळे करणे हा अर्थ आहे. शाईने काळा केलेला कागद तो मसुदा. ‘प्रकाशित’ म्हणजे तर उजेडात आणलेले. तेव्हा ‘मसुद्यात परत न्या’ म्हणजे उजेडातून पुन्हा काळोखात न्या, असा जवळजवळ काव्यमय अर्थ निघतो. दोन भाषांतून आलेल्या शब्दांनी नकळत इतकी चपखल जोडी जमवावी, याचे मला नवल वाटते.

जुना वाचक: व्युत्पत्ती सुरेख आहे, पण बटण दाबणाऱ्याला ती ठाऊक नसते. आणि उजेडात आलेले खरोखर परत जाते काय? ज्यांच्या वाचकयंत्रात लेख आरएसएसने, म्हणजे नवे लेख आपोआप पोहोचवणाऱ्या सोयीने, पोहोचला, त्यांच्याकडे तो राहतोच.

देखभाल करणारी: राहतो, कारण ‘हा लेख आता मागे घेतला’ असे कळवण्याची सोयच आरएसएसमध्ये नाही. त्याच कामाच्या ॲटम या दुसऱ्या मानकासाठी ती २०१२ साली वेगळ्या जोडतपशिलाने झाली. २०१८ साली मानक म्हणून मान्य झालेल्या ॲक्टिव्हिटीपबमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या संकेतस्थळांना परस्परांशी जोडणाऱ्या पद्धतीत, हटवल्याचा निरोप इतर सेवकांना (सर्व्हरना) जातो आणि लेखाच्या जागी ‘टूमस्टोन’ नावाची खूण ठेवता येते. तो निरोप पाळणे मात्र शेवटी पलीकडच्या सेवकाच्या हाती असते. लेखाच्या खुद्द पत्त्यावर कोणता संकेतांक उत्तर म्हणून द्यावा हा प्रश्न निराळाच: ४०४ म्हणजे सापडले नाही, ४१० म्हणजे होते पण आता गेले. मसुद्यात नेलेल्या लेखाला ४०४ मिळते, आणि ते मला योग्य वाटते, कारण लेख उद्या परत येऊ शकतो.

शब्दवेडा: ‘टूमस्टोन’ला आपल्याकडे काय म्हणतात? ‘थडगे’ फार रुक्ष वाटते. ‘समाधी’ म्हणावे, तर लेखाने देह ठेवल्यासारखे होते.

व्याकरणप्रेमी: ‘स्मृतिशिला’.

जुना वाचक: शिलेवर नाव आणि तारीख तरी कोरलेली असते. या खुणेत काय उरते?

देखभाल करणारी: लेखाचा पत्ता, तो आधी कोणत्या प्रकारचा होता ते, आणि हटवल्याची वेळ, यांतले शेवटचे दोन तपशील दिलेच पाहिजेत असे नाही. त्यामुळे ‘खूणदगड’ म्हणावे असे मला वाटते.

भाषांतरकार: सर्वांचे आभार. ‘मसुद्यात परत न्या’ मी तूर्त घेतो आहे, जरी अरुंद पडद्यावर ते दोन ओळींत मोडते. पण ते बसवताना नवी अडचण उभी राहिली. दाबल्यानंतर येणाऱ्या संदेशात मूळ प्रणाली एकच वाक्य वापरते आणि नामाची जागा रिकामी ठेवते. तिथे ‘लेख’ आला तर ‘परत नेला’, ‘नोंद’ आली तर ‘परत नेली’, ‘पान’ आले तर ‘परत नेले’. इंग्रजीत हा प्रश्नच उद्भवत नसल्याने मूळ लेखकांच्या तो ध्यानात आला नाही. वर्डप्रेसने २०१८ साली ५.० या आवृत्तीपासून प्रत्येक प्रकारच्या मजकुरासाठी अशा संदेशांची वेगळी वाक्ये देण्याची सोय केली, आमच्याकडे ती नाही. तोपर्यंत ‘मसुद्यात परत नेण्यात आले’ असे लिंगाला बगल देणारे वाक्य चालवावे काय?

व्याकरणप्रेमी: ‘लेख मसुद्यात परत नेण्यात आले’ हे अशुद्ध आहे. ‘आला’च हवे.

जुना वाचक: मग नाम वेगळे काढून विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे द्यावीत: ‘लेख: मसुद्यात परत.’

व्याकरणप्रेमी: त्या चिन्हाला अपूर्णविराम म्हणतात, आणि तुमच्या वाक्यात क्रियापदच नाही.