जुन्या छोट्या ट्रॅक्टरला दुसरे स्टेअरिंग बसवताना

रावेरचा बागायतदार
नमस्कार. केळीच्या दोन ओळींमधून आंतरमशागत करण्यासाठी आमच्याकडे एक जुना छोटा ट्रॅक्टर आहे. इतकी वर्षे वैशाखाच्या उन्हात उभा राहिल्यामुळे त्याच्या स्टेअरिंगच्या चाकावरील प्लॅस्टिक तडकले आहे आणि आतली सळई हाताला लागते. जळगावच्या एका दुकानातून मी दुसरे चाक आणले, त्याच्या मध्यभागी आतून दाते आहेत. जुन्या चाकाचा नट निघाला, पण चाक शाफ्टवरून हलायला तयार नाही. गावातील मिस्त्री म्हणतात की, शाफ्टच्या डोक्यावर घण मारला की चाक निघेल आणि नवीन नीट बसले नाही तर वेल्डिंग करून टाकू. हे योग्य आहे का?

तापीकाठ
भाऊ, घण मुळीच मारू देऊ नका. शाफ्टच्या डोक्यावरचा मार थेट खाली स्टेअरिंग बॉक्समधील बेअरिंगवर जातो आणि वरचे आटेही चेपतात, मग शंभर रुपयांच्या कामाचे हजारो होतात. आज संध्याकाळी सांध्यात डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी नट पुन्हा दोन-तीन आटे चढवून तसाच सैल ठेवा, कारण अडकलेले चाक सुटते तेव्हा झटक्यात सुटते आणि नट नसेल तर ते तोंडावर येऊ शकते. त्यानंतर दोन पायांचा पुलर (अडकलेला भाग ओढून काढायचे अवजार) चाकाच्या मधल्या लोखंडी भागाखाली लावा (बाहेरच्या कड्याला लावल्यास चाक वाकते, पण सुटत नाही). पुलरला ताण देऊन त्याच्याच बोल्टवर हलकी टिचकी मारा. गॅसची ज्योत लावण्याचा मोह टाळा, डिझेलची टाकी जवळच असते.

चाक निघाले की आधी शाफ्ट पाहा. त्यावर सरळ दाते असतील तर खडूने एका दातावर खूण करून सगळे मोजा आणि व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या. दाते नसतील आणि शाफ्ट वर निमुळता होत गेला असेल, तर त्यात बसवलेली अर्धचंद्राकार चावी, म्हणजे खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा, शोधा. केवळ ट्रॅक्टरच्या कंपनीचे नाव सांगून चाक विकत घेऊ नये, कारण एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलचे शाफ्ट वेगवेगळे असू शकतात.

रावेरचा बागायतदार
आपल्या सांगण्याप्रमाणे केले आणि चाक दुसऱ्या दिवशी सुटले. शाफ्ट निमुळता असून त्यात चावी आहे, म्हणजे मी आणलेले दात्यांचे चाक त्याला चालणारच नाही. मिस्त्री आता जुन्या चाकाचा मधला भाग कापून नव्याला जोडू म्हणतात.

शिरपूरचा लेथवाला
पहिला पर्याय म्हणजे चाक दुकानदाराला परत करून, जुना शाफ्टचा भाग सोबत नेता येत नसला तरी जुने चाक सोबत नेऊन, तसेच चाक मागणे. तो नसेल तर पुढचे वाचा.

जुन्या चाकाचा मधला भाग बीडाचा (ओतीव लोखंडाचा) असेल, तर त्याला पोलादाची वेल्डिंग करू नये. जोडाच्या कडेला बीड थंड होताना तडकते आणि ती तड रंगाखाली दिसत नाही. भरलेली ट्रॉली मागे असताना चाक हातात आले, तर काय होईल याचा विचार करा. वेल्डिंगपेक्षा नव्या चाकाचे छिद्र लेथवर निमुळते करून घेणे बरे, मात्र त्याच्या आतल्या दात्यांमधील खाचांचा व्यास शाफ्टच्या निमुळत्या भागाच्या वरच्या, बारीक टोकापेक्षाही कमी हवा, म्हणजे दाते पूर्ण कापले जाऊन स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. चावीची खाच नंतर स्लॉटिंग यंत्रावर (खाच पाडणाऱ्या यंत्रावर) पाडावी.

बसवण्यापूर्वी शाफ्टवर तेलात कालवलेल्या काजळाचा पातळ थर द्या आणि चाक दाबून काढा, जिथे काजळ उठले नाही तिथे धातू टेकलेला नाही. जोर निमुळत्या पकडीने घ्यायचा असतो, चावी फक्त जागा धरते. म्हणून हा सांधा पुसून कोरडाच बसवा, त्याला ग्रीस लावू नका. शिवाय शाफ्टचा निमुळता भाग चाकाच्या वरच्या तोंडाच्या थोडा आतच संपला पाहिजे, नाहीतर नट शाफ्टवर टेकून चाक सैलच राहते.

तापीकाठ
चाकाचे दांडे सरळ दिसावेत अशी इच्छा असल्यास छिद्र आणि चावीची खाच पाडण्यापूर्वीच पुढची चाके सरळ करून खडूने खूण करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेअरिंग किती फेरे फिरते ते मोजून मधोमध आणले, तर अंदाज चुकत नाही.

रावेरचा बागायतदार
दुकानदाराने चाक परत घेतले आणि त्याच्याकडे निमुळत्या छिद्राचे मिळाले. काजळाची खूण जवळजवळ सगळीकडे उठली. नवीन स्प्रिंग वायसर घालून नट आवळला आणि एक दिवस बागेत चालवून पुन्हा पाना लावला, तेव्हा नट पाव फेरा आणखी आत गेला. त्यानंतरच्या तपासणीत तो जागेवरून हललेला नाही. स्टेअरिंगमध्ये थोडी ढिलाई उरली आहे, पण ती चाकाची नसून पुढच्या जोडदांड्याच्या बॉल जॉईंटची आहे, हे दांडा हाताने हलवून पाहिल्यावर कळले. ते काम आता घेतो.