समोरच्या पानावर उमटलेला रंग : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

व्हॉयनिच हस्तलिखितावर मराठीत लेख लिहिते आहे. 1969 पासून येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात असलेलं, आजवर कुणालाही वाचता न आलेलं ते पुस्तक. त्यात झाडापाल्याची चित्रं भरपूर आहेत आणि काही ठिकाणी एका पानावरचा रंग समोरच्या पानावर, मजकुराच्या मधेच, फिकट आलेला दिसतो. इंग्रजीत याला ऑफसेट म्हणतात. मराठीत ऑफसेट म्हटलं की छपाईचं यंत्रच आठवतं. 'रंगसंक्रमण' लिहिलं होतं, वाचून माझं मलाच कसंतरी झालं. 'डाग' फार ढोबळ आहे. सुचवा.

प्रतिसाद

'प्रतिमुद्रा'? भारदस्त आहे.

प्रतिसाद

भारदस्त आहे हीच अडचण. मुद्रा कुणीतरी मुद्दाम उठवतो. इथे कुणी काही केलेलंच नाही. रंग ओला होता, पुस्तक मिटलं, झालं. छापखान्यात आम्ही नुसतं 'शाई लागली' म्हणायचो. ताज्या छापील कागदांची थप्पी उंच झाली की खालच्या कागदाची शाई वरच्याच्या पाठीला लागायची. मग थप्पी लहान ठेवा, नाहीतर मधे कोरे कागद घाला. साडीचा रंग जातो आणि दुसऱ्या कपड्याला लागतो, तेच क्रियापद. ताई, नाम शोधण्याआधी क्रियापद ठरवा.

उपप्रतिसाद

काका, 'लागला' पटतं, पण त्यात आकार येत नाही. ओलं बोट टेकलं तरी रंग लागतोच. इथे पाकळीची कड ओळखू येते.

प्रतिसाद

मग 'उमटणे'. आकारासकट येतं ते उमटतं. वर्तमानपत्रांनी 'आपला ठसा उमटवला' लिहून लिहून हा शब्दप्रयोग गुळगुळीत केलाय, पण इथे तो अक्षरशः खरा आहे. शिवाय हस्तलिखितांच्या बाबतीत तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते आणि मराठीत तिन्हींना वेगळी क्रियापदं तयार आहेत. पान पातळ असल्यामुळे मागचं चित्र पुढून जाणवतं, ते 'मागून दिसणं'. शाई किंवा रंग पानातून आरपार जातो, ते 'फुटणं'. शाळेच्या वहीत शाई फुटायची तेच. आणि समोरासमोरच्या पानांत एकाचा रंग दुसऱ्यावर जातो, ते 'उमटणं'. पहिल्या दोन्हींत एकाच पानाच्या दोन बाजू असतात, तिसऱ्यात दोन वेगळी पानं. लेखात हा फरक पाळलात तर नाम नसलं तरी अडणार नाही.

व्हॉयनिच चर्मपत्रावर आहे. 2009 मध्ये ॲरिझोना विद्यापीठात रेडिओकार्बन चाचणी झाली, तिच्यानुसार ते चर्मपत्र 1404 ते 1438 च्या दरम्यानचं. चर्मपत्रात रंग कागदासारखा मुरत नाही, वर बसतो. म्हणून तो फुटण्यापेक्षा उमटायची किंवा पोपडा सुटायची शक्यता जास्त.

प्रतिसाद

नाम हवंच असेल तर 'उलटा ठसा' घ्या. छापखान्यात खिळे जुळवणारे अक्षरं उलटी वाचायचे, तोच हा 'उलटा'.

उपप्रतिसाद

इथे जरा थांबा. शिवलेल्या पुस्तकाला हे चालेल, आपल्या पोथीला नाही. पुस्तकाचं पान उभ्या कडेवर फिरतं, म्हणून ठशाची डावी बाजू उजवीकडे जाते आणि वरचं वरच राहतं. पोथीचं सुटं पान लांब कडेवर, खालून वर उलटतात. तिथे पहिल्या पानाची पाठ दुसऱ्या पानाच्या तोंडावर टेकते आणि ठसा खाली डोकं वर पाय होतो; डावं मात्र डावीकडेच राहतं. पोथीच्या वरच्या समासातला लाल ठिपका पुढच्या पानाच्या खालच्या समासात सापडला तर तो तिथला नव्हेच, वरून आलेला. मराठीत 'उलटा' या दोन्हींना म्हणतात. त्यामुळे निदान एकदा तरी 'आरशातल्यासारखा' असं लिहा.

प्रश्नकर्ती

हे लक्षातच आलं नव्हतं. आता पुढचं. हा ठसा पुरावा म्हणून वापरतात, त्याबद्दल कसं लिहू? मी लिहिलंय, 'ठशांवरून पानांचा मूळ क्रम सिद्ध होतो.'

प्रतिसाद

'सिद्ध होतो' काढा. ठसा एवढंच सांगतो की रंग ओला किंवा ओलसर असताना ही दोन पानं एकमेकांना टेकलेली होती. कधी, ते सांगत नाही. रंग भरला त्या दिवशी टेकली असतील, नाहीतर दोनशे वर्षांनी पुस्तकात पाणी शिरलं तेव्हा. फरक थोडाफार ओळखता येतो : ताज्या रंगाचा ठसा पसरट असतो आणि मूळ चित्र शाबूत राहतं, पुढे ओल येऊन चिकटला असेल तर मूळ जागी बरोबर तेवढाच रंग निघालेला असतो.

पण व्हॉयनिचच्या बाबतीत ठशांना एवढं महत्त्व का, ते जरूर लिहा. एरवी पानं मागेपुढे झाली तर मजकूर वाचून लावता येतात. इथे मजकूरच कळत नाही. पानांवरचे आकडे 116 पर्यंत जातात, त्यातली 14 पानं नाहीत. जुजांचे, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुडग्यांचे, आकडे 20 पर्यंत आहेत, त्यातले 16 आणि 18 नाहीत. आकडेही नंतरच्या हाताचे मानले जातात, म्हणजे ते घातले तेव्हाच पानं हललेली असू शकतात. 13 व्या जुजात 78 व्या पानाच्या पाठीवरचं चित्र 81 व्याच्या तोंडावरच्या चित्राला जुळतं असं अभ्यासक दाखवतात, आणि आज त्यांच्यामध्ये दोन पानं आहेत! म्हणून चित्रांची जुळणी, पाण्याचे डाग, किड्यांची भोकं आणि हे ठसे, एवढ्यावरच भिस्त. समोरच्या पानावर जुळणारं चित्रच नाही असा ठसा सापडला, तर तो सगळ्यात बोलका. मधलं पान गेलंय किंवा हललंय.

उपप्रतिसाद

'जुज' वाचून बरं वाटलं. हल्ली सगळे 'सेक्शन' म्हणतात.

प्रतिसाद

शाईचं राहिलं. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांत मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ) आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई असते, ती आम्लधर्मी. तिच्यामुळे समोरच्या पानावर तपकिरी अक्षरं दिसतात, पण ती शाई उमटलेली असेलच असं नाही. पुष्कळदा आम्लामुळे ते पानच तेवढ्या जागी करपलेलं असतं. तिथे 'करपणे' वापरा. तांब्याच्या हिरव्या रंगाचंही, म्हणजे जंगालाचं, तेच. आपल्याकडच्या चित्रांत जंगाली रेघेवर कागद अख्खा तुटलेला दिसतो. उलट आपली काजळाची शाई कागद खात नाही, पण डिंकावर बसलेली असते, त्यामुळे पाणी लागलं की सुटते आणि समोर जाते. पोथीच्या शेवटी लेखक 'जलाद्रक्षेत्', म्हणजे पाण्यापासून जपा, असं लिहून ठेवायचे ते काही उगीच नाही.

प्रश्नकर्ती

चित्राखालची ओळ अशी केली आहे : 'डाव्या पानावरच्या झाडाचा हिरवा रंग उजव्या पानावर आरशातल्यासारखा उमटला आहे, रंग ओला असताना ही दोन पानं समोरासमोर होती.' लेखात पुढे सगळीकडे 'उमटलेला ठसा'. ऑफसेट एकदाच, अवतरणात.

प्रतिसाद

चालेल. फक्त लेखात 'झाडाचं पान' आणि 'पुस्तकाचं पान' एकाच वाक्यात येऊ देऊ नका. झाडाला 'पाला' नाहीतर 'पर्ण' करा, नाहीतर वाचक दुसऱ्याच परिच्छेदात हरवेल.